दोहाहून आणायची कडी आणि दिलेला शब्द

या आठवड्याचं पत्र दोहाहून आलं आहे. नाव छापत नाही, मजकूर थोडा आखडून देते आहे.

'आपा, अस्सलामु अलैकुम. मी २६ वर्षांचा, मूळचा मंडणगड तालुक्यातला. चार वर्षांपासून दोहात एसी टेक्निशियन आहे. पुढच्या महिन्यात बहिणीच्या निकाहला गावी येतोय. आमच्या रूममधले एक भाई आहेत, त्यांनीच मला ही नोकरी लावून दिली. ते म्हणतात, येताना सोन्याची दोन कडी हातात घालून ये, मुंबईत आमचा माणूस येऊन घेऊन जाईल, तुझं तिकीट सुटेल. कस्टमचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "कस्टमचा कायदा माणसांनी केलाय. सोनं हलाल, व्यापार हलाल, मग गुनाह कसला? हुकूम फक्त अल्लाहचा." वर एका मौलानांची क्लिप पाठवली. त्यात सूरह माइदाची आयत होती, की जे अल्लाहने उतरवलेल्याप्रमाणे फैसला करत नाहीत ते काफिर. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. मी भारताचा पासपोर्ट वापरतो, गावी असलो की मत देतो. बहिणीच्या लग्नाची नोंदणी करू म्हणतोय, तर मुलाकडचे म्हणतात निकाहनामा पुरे, सरकारी कागद कशाला. सरकारचा कायदा मानणं म्हणजे शिर्क (अल्लाहच्या बरोबरीला दुसरं कुणी मानणं) आहे का? खरं काय ते सांगा.'

वालेकुम अस्सलाम, भाऊ.

आधी तुझ्या घाईच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुझं तिकीट ठरलेलं आहे. ती कडी आणू नकोस. पकडला जाशील म्हणून नव्हे. ती भीतीही खरी आहेच: माल जप्त होतो, दंड होतो, अटक होते, मोठ्या प्रकरणात १९६२च्या कस्टम कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तू मला दीनचा, म्हणजे धर्माचा, प्रश्न विचारला आहेस, तर उत्तरही दीनमधूनच देते. मी मुफ्ती, म्हणजे फतवा देणारी जाणकार, नाही. वकिली केली, आणि गावच्या मशिदीत खतीब (प्रवचन देणारे) असलेल्या वडिलांच्या मांडीवर बसून जे ऐकलं, पुढे किताबांत जे वाचलं, ते सांगते. तुमच्या जमातीतल्या एखाद्या जाणत्या आलिमला हे वाचून दाखव आणि त्यांचंही ऐक.

मुंबई विमानतळावर बॅगा घेतल्यावर दोन वाटा असतात. रेड चॅनल म्हणजे माझ्याकडे सांगण्यासारखा माल आहे. ग्रीन चॅनल म्हणजे माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. ग्रीन चॅनलमधून पाऊल टाकलं की कायदा त्यालाच तुझी जबानी समजतो. तोंडाने तू एक शब्दही बोलत नाहीस, पण पायाने साक्ष देतोस. आता ती हदीस आठव. पैगंबरसाहेब (स.) मोठ्या गुनाहांबद्दल सांगत होते. शिर्क सांगितलं, आईबापांना दुखावणं सांगितलं, तोवर ते टेकून बसले होते. मग सरळ उठून बसले आणि म्हणाले, 'आणि खोटं बोलणं, खोटी साक्ष देणं.' हे ते इतक्या वेळा म्हणत राहिले, की ऐकणाऱ्यांना वाटलं, आता ते थांबले तर बरं. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत ही रिवायत आहे. तुझे भाई सोन्याबद्दल बोलताहेत. सोनं हलालच आहे, त्यावर कुणाचा वाद नाही. प्रश्न तुझ्या साक्षीचा आहे.

आता त्या आयतीकडे येऊ, कारण तुझी झोप तिने उडवली आहे.

'हुकूम फक्त अल्लाहचा' हे वाक्य कुरआनचंच आहे. पण ते घोषणा म्हणून पहिल्यांदा कुणी वापरलं, हे त्या क्लिपमध्ये सांगितलं नसणार. इसवी सन ६५७मध्ये सिफ्फीनच्या लढाईनंतर हजरत अलींनी तंटा सोडवायला लवाद मान्य केला. त्यावर त्यांच्याच फौजेतला एक गट उलटला: माणसांना फैसला करायला बसवलं, म्हणजे अल्लाहचा हुकूम मोडला! हेच खारिजी. मशिदीत खुत्बा (प्रवचन) चालू असताना उठून ते ओरडायचे, 'ला हुक्म इल्ला लिल्लाह'. हजरत अलींचं उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे: 'बोल हक्काचा आहे, पण त्यातून साधायचं आहे ते बातिल', म्हणजे खोटं. पुढे ते असंही म्हणाले, की लोकांना कुणीतरी अमीर लागतोच, नेक असो वा बद; त्याच्यामुळे रस्ते सुरक्षित राहतात आणि दुबळ्याला बळकटाकडून त्याचा हक्क मिळतो. ६६१मध्ये कूफ्याच्या मशिदीत याच गटाच्या माणसाने त्यांच्यावर तलवार चालवली. पैगंबरसाहेबांच्या घरात वाढलेला, त्यांचा जावई असलेला माणूस ज्यांना पुरेसा मुसलमान वाटला नाही, त्यांची ही घोषणा आहे. ती ऐकून तुला आपल्या ईमानाची शंका आली, म्हणून मी एवढं सविस्तर लिहिते आहे.

सूरह माइदाच्या त्या आयती ओळीने वाचल्यास तर दिसेल, की बोलणं चाललं आहे मदिनेतल्या एका खटल्याचं, तौरातमधला हुकूम माहीत असून लपवणाऱ्यांचं. एके ठिकाणी 'काफिर' म्हटलं, पुढच्या आयतीत 'जालिम', त्यानंतर 'फासिक'. कुरआनचे थोर जाणकार हजरत इब्न अब्बास यांनी त्या पहिल्या शब्दाचा अर्थ सांगितला, 'कुफ्र दून कुफ्र', म्हणजे माणूस दीनबाहेर जातो तो कुफ्र हा नव्हे. आणि ही आयत फैसला करणाऱ्याबद्दल आहे. दोहातून गावी परतणाऱ्या, रांगेत उभं राहून पासपोर्टवर शिक्का मारून घेणाऱ्या मुलाबद्दल नाही.

अजून एक बघ. 'हुकूम फक्त अल्लाहचा' हे शब्द कुरआनात हजरत युसूफच्या तोंडी येतात, कैदखान्यात, सूरह युसूफच्या ४०व्या आयतीत. तेच युसूफ सुटल्यावर काय करतात? मिस्रच्या (इजिप्तच्या) बादशहाला म्हणतात, 'मला जमिनीच्या खजिन्यांवर नेम, मी सांभाळणारा आणि जाणणारा आहे.' ती ५५वी आयत. बादशहा त्यांच्या दीनचा नव्हता, देशाचा कायदा त्याचा होता, आणि ७६व्या आयतीत कुरआन त्या कायद्याचं नावही घेतं: 'दीन-अल-मलिक', बादशहाचा कायदा. त्या कायद्याच्या राज्यात एका नबीने सात वर्षं धान्याची कोठारं भरली आणि दुष्काळात लोकांना जगवलं. एकाच सूरहमध्ये दोन्ही आहे. ज्याला पहिली आयत सापडली, त्याला बाकीच्या दोन का सापडू नयेत?

मग भारतासारख्या देशाचा कायदा पाळायचा तो कशाच्या आधारावर? बरेच लोक लगेच सूरह निसाची ५९वी आयत काढतात: अल्लाहचं ऐका, रसूलचं ऐका, आणि 'उलुल-अम्र'चं, म्हणजे तुमच्यातल्या अधिकाऱ्यांचं. मी ती काढणार नाही. तिथे 'मिन्कुम' हा शब्द आहे, 'तुमच्यातले', आणि कुरआनचा अर्थ लावणाऱ्या पुष्कळ जुन्या मुफस्सिरांनी त्याचा अर्थ मुसलमान हाकिम असाच घेतला आहे. तू ही आयत भाईंसमोर ठेवलीस तर ते याच शब्दावर तुला अडवतील, आणि त्यात त्यांचं फार चुकणार नाही.

माझा आधार दुसरा आहे, आणि मला तो जास्त भक्कम वाटतो: दिलेला शब्द. सूरह माइदाची, म्हणजे त्याच सूरहची, पहिलीच आयत आहे, 'ईमानवाल्यांनो, आपले करार पुरे करा.' क्लिप करणारा ४४व्या आयतीपर्यंत पोचला तो या पहिल्या आयतीवरूनच गेला असणार. करार मुसलमानाशी केलेला असावा, अशी अट इथे नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये आहे, 'अहद (दिलेलं वचन) पुरा करा, अहदबद्दल विचारलं जाईल.'

हे किती टोकापर्यंत पाळलं गेलं, त्याचा एक किस्सा सहीह मुस्लिममध्ये आहे. आपल्याकडे वाजांमध्ये, म्हणजे प्रवचनांमध्ये, तो फारसा ऐकू येत नाही. हजरत हुजैफा आणि त्यांचे वडील मदिनेकडे निघाले होते. वाटेत कुरैशांनी, म्हणजे मक्केच्या विरोधक टोळीने, पकडलं. 'तुम्ही मुहम्मदकडे चाललात?' 'नाही, मदिनेला चाललो.' मग त्यांच्याकडून वचन घेतलं, की मदिनेला जा, पण त्यांच्या बाजूने लढू नका, आणि सोडून दिलं. पुढे लगेच बद्रची लढाई आली. ६२४ साल. मुसलमान तीनशेच्या थोडे वर, समोर हजाराच्या आसपास. एकेक माणूस हवा होता. बापलेकांनी येऊन घडलेलं सांगितलं. पैगंबरसाहेब म्हणाले, 'तुम्ही परत जा. आपण त्यांना दिलेलं वचन पाळू आणि त्यांच्याविरुद्ध अल्लाहची मदत मागू.' धाकाखाली घेतलेलं वचन होतं ते, तेही शत्रूने घेतलेलं. हुजैफा बद्रला नव्हते.

तुझ्याकडून कुणी धाक दाखवून वचन घेतलेलं नाही, भाऊ. पासपोर्टच्या अर्जावर तू स्वतः सही केलीस. त्या पासपोर्टवर कतारमध्ये उभा आहेस. उद्या पगार अडला किंवा अंगावर काही बेतलं, तर त्याच वहीच्या जोरावर वकिलातीच्या दारात जाशील. फायदा घ्यायचा करार असल्यासारखा आणि पाळायची वेळ आली की 'माणसांनी केलेला कायदा' म्हणायचं, याला आपल्या दीनमध्ये खियानत, म्हणजे विश्वासघात, म्हणतात.

आपण कोकणातले बहुतेक शाफई, म्हणजे इमाम शाफईंच्या मजहबचे (पंथाचे). तर इमाम शाफईंचंच ऐक, 'किताब-उल-उम्म'मधलं. मुसलमान अभय घेऊन शत्रूच्या मुलखात शिरले, तर निघेपर्यंत तो शत्रू त्यांच्यापासून सुरक्षित राहिला पाहिजे. त्यांना त्याच्यावर जुलूम करता येत नाही, त्याच्याशी खियानत करता येत नाही. हे युद्ध चालू असलेल्या मुलखाबद्दल लिहिलं आहे, बाराशे वर्षांपूर्वी. आपला देश तर आपलाच आहे. आणि शाफई मजहबचेच इमाम मावर्दी, ज्यांची राज्यकारभारावरची किताब आजही मदरशांत वाचली जाते, त्यांनी लिहून ठेवलं आहे, की बिगर-मुस्लिम मुलखात मुसलमानाला आपला दीन उघडपणे पाळता येत असेल, तर त्याने तिथेच राहणं निघून जाण्यापेक्षा चांगलं.

'हे जुनं झालं, भारतातल्या उलमांचं काय' असं विचारशील. दारुल उलूम देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये मुत्तहिदा कौमियत (संयुक्त राष्ट्रीयत्व) आणि इस्लाम यावर किताबच लिहिली. मदिनेत पैगंबरसाहेबांनी तिथल्या यहुद्यांसकट सर्वांशी जो लेखी करार केला, तो त्यांनी दाखला म्हणून मांडला: वेगवेगळ्या दीनचे लोक एका मुलखाचे, एका कराराने बांधलेले असू शकतात. आपल्या संविधानाकडे मी तसंच बघते. तो मुआहदा, म्हणजे करार, आहे, इथल्या मुसलमानांनी आणि बाकी सगळ्यांनी मिळून केलेला. संविधान सभेत मौलाना आझाद बसले होते. तो करार आपल्यावर कुणी लादलेला नाही.

वेगळं मत असणारेही होते, तेही तुला कळायला हवं. मौलाना मौदूदींनी हाकिमियत, म्हणजे सार्वभौम सत्ता फक्त अल्लाहची, हा विचार राज्यव्यवस्थेपर्यंत नेला. फाळणीनंतर भारतात राहिलेली त्यांची संघटना, जमात-ए-इस्लामी, कित्येक वर्षं मतदानापासून दूर होती. पुढे तिनेच ती बंदी उठवली. इथल्या मातीत राहून, इथल्या लोकांचं बघून त्यांना तसं वाटलं. तुझ्या मतदानाच्या प्रश्नाला याहून जास्त शब्द मी देत नाही. मत म्हणजे साक्ष आहे. नीट विचार करून दे.

मग सरकार सांगेल ते सगळं डोळे मिटून ऐकायचं का? नाही. आणि ही मर्यादा फक्त बिगर-मुस्लिम सरकारसाठी आहे असं समजू नकोस. पैगंबरसाहेबांनी एक तुकडी पाठवली, तिच्यावर एक अमीर नेमला. अमीर कशावरून तरी चिडला. म्हणाला, लाकडं गोळा करा, पेटवा, आणि आत उडी मारा, माझं ऐकायचं असं तुम्हाला सांगितलंय ना? लोक एकमेकांकडे बघत राहिले. म्हणाले, आगीपासून वाचायलाच तर आम्ही रसूलकडे आलो. तेवढ्यात आग विझली. परतल्यावर हे कळलं तेव्हा पैगंबरसाहेब म्हणाले, 'आत गेले असते तर कधीच बाहेर आले नसते. ऐकायचं ते फक्त भल्या गोष्टीत.' इमाम अहमद बिन हंबल यांना अब्बासी खलिफाने आपलं मत कबूल करायला दरडावलं, त्यांनी नकार दिला, चाबूक खाल्ले, कैद भोगली. खलिफा मुसलमानच होता. आणि इमामांनी बंड मात्र केलं नाही.

म्हणून कायदा समोर आला, की स्वतःला विचारायचं: हा मला गुनाह करायला भाग पाडतोय का? फर्ज, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेलं काम, सोडायला लावतोय का? की जे मला करता आलं असतं आणि न करताही चाललं असतं, त्यावर फक्त बंधन घालतोय? शरियतच्या भाषेत ती तिसरी जागा मुबाह. आयुष्यात आपल्याला आडवे येणारे नव्वद टक्के कायदे या तिसऱ्या जागेत असतात, असा माझा वकिलीतला अंदाज आहे. हेल्मेट, बांधकाम परवाना, जीएसटी, लग्नाचं वय, कस्टम. हेल्मेट न घालणं हा कुणाचा फर्ज नाही. दोन कडी ड्युटी न भरता आणणं हाही नाही. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह (धर्मकायदा) अकादमीने १९९३ मध्ये ठराव केला, की शरियतशी न भांडणारे वाहतुकीचे नियम पाळणं वाजिब (आवश्यक) आहे, कारण त्यात लोकांचे जीव वाचतात. सिग्नलचे दिवे काही आसमानातून उतरलेले नाहीत.

आणि त्या भाईंबद्दल मनातल्या मनात एक साधा प्रश्न विचारून बघ. दोहात मध्यरात्री रिकाम्या चौकात लाल दिवा लागला तर ते थांबतात ना? आयडीची मुदत संपायच्या आत नूतनीकरण करतात ना? ते नियमही तिथल्या मंत्रालयाने, माणसांनीच केलेत. मग 'माणसांचा कायदा' मुंबईतच का आठवतो?

ते म्हणतील, तिथलं सरकार मुसलमानांचं, इथलं आपल्याशी नीट वागत नाही. इथे मी थांबून बोलते, कारण हे दुखणं खोटं नाही. घर भाड्याने मागताना नाव सांगितल्यावर जे होतं, ते मीही पाहिलं आहे. काही कायदे, काही निकाल मला स्वतःला अन्यायाचे वाटतात. पण कुरआन सांगतं, 'एखाद्या कौमच्या वैराने तुम्हाला इतकं भडकवू नये की तुम्ही इन्साफ सोडाल. इन्साफ करा, तेच तकव्याच्या जवळ आहे.' हीही सूरह माइदाच, आठवी आयत. मक्केच्या लोकांनी पैगंबरसाहेबांना ठार मारायचं ठरवलं, त्या रात्री ते हिजरतला निघाले आणि हजरत अलींना मागे ठेवलं, कशासाठी? त्याच मक्केवाल्यांच्या ठेवी ज्याच्या त्याला परत करायला.

आणि अन्याय वाटला तर वाट आहे. ६१५मध्ये काही मुसलमान जुलमाला कंटाळून हबशाला (आजच्या इथिओपियाकडे) गेले, नजाशी नावाच्या ईसाई राजाच्या आसऱ्याला. कुरैशांनी माणसं पाठवली, यांना आमच्या ताब्यात द्या म्हणून. हजरत जाफर त्या राजाच्या दरबारात उभे राहिले, आपली बाजू मांडली, सूरह मरियम वाचून दाखवली, आणि राजाने त्यांना ताब्यात द्यायला नकार दिला. त्यातले काही लोक तेरा वर्षं त्या राज्यात, त्याच्या कायद्याखाली राहिले. दरबारात उभं राहून बोलणं, ही वाट जाफरांची. आज दरबाराच्या जागी कोर्ट आहे, अर्ज आहे, माहितीचा अधिकार आहे, मोर्चा आहे, मतपेटी आहे. चोरून आणलेल्या सोन्याने कुठल्याही मुसलमानावरचा कुठलाही अन्याय दूर झालेला नाही.

आपल्या किनाऱ्याला तर हे शिकवायची गरजच पडू नये. अरब प्रवासी अल-मसूदी ९१६च्या सुमारास चौलला आला होता, तेव्हा त्याला सैमूर म्हणत. त्याने लिहिलंय, की तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, राजा हिंदू आहे, आणि त्याने मुसलमानांमधलाच एक प्रतिष्ठित माणूस त्यांच्या तंट्यांचा निवाडा करायला नेमला आहे. त्या नेमणुकीला 'हुनरमन' म्हणत. अकराशे वर्षं आपण बिगर-मुस्लिम राजाच्या राज्यातही नमाज पढत, रोजे ठेवत, होड्या हाकत राहत आलो आहोत.

आणि याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला, १९९३च्या सुरुवातीला आरडीएक्स उतरलं. हे लिहिताना आजही माझा हात जड होतो. चांदी-सोन्याची खेप उतरवणाऱ्यांनी जी वाट रुळवली होती, जे हात पैसे घेऊन नजर फिरवायला सरावले होते, त्याच वाटेने, त्याच हातांतून ते आलं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. 'सोनंच तर आहे, कुणाला काय त्रास' असं म्हणत पहिली खेप आणणाऱ्या कुणालाही हे डोळ्यांसमोर दिसलं नसेल. तुलाही त्या दोन कड्यांच्या पुढे काय आहे ते दिसत नाही. ती घ्यायला येणारा माणूस कोण, पैसा कुठे जातो, पुढच्या वेळी कड्यांऐवजी पाकीट असेल तर त्यात काय असेल, तुला काही माहीत नाही.

माझ्या मोहल्ल्यातला एक मुलगा, मी कॉलेजात असताना, कमरेच्या पट्ट्यात बिस्किटं घेऊन आला आणि सहारला पकडला गेला. ज्यांनी माल दिला होता, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्याच्या वडिलांनी हापूसची कलमं विकून वकील केला. त्याची आई निकाहच्या घरांत जेवायला येणं टाळायची. मी वकिलीकडे वळले त्यात त्या बाईचा चेहरा आहे.

आता बहिणीचं. इथे मात्र मुलाकडच्यांचं बिलकुल ऐकू नकोस.

कुरआनातली सगळ्यांत लांब आयत कशावर आहे, ठाऊक आहे? सूरह बकराची २८२वी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणारा इन्साफाने लिहो, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. उसन्या पैशांसाठी एवढी ताकीद आहे, तर एका मुलीच्या आयुष्याचा करार दोन ठिकाणी लिहिला तर दीनचं काय बिघडतं? निकाह तर इजाब-कुबूल (प्रस्ताव आणि स्वीकार), साक्षीदार, वली (मुलीचा पालक) आणि मेहर यांनीच होईल. नोंदणी निकाहची जागा घेत नाही, ती त्याचा पुरावा सांभाळते. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं, आणि महाराष्ट्रात १९९८चा कायदा त्याआधीपासूनच आहे. गावात ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे होते. तीन साक्षीदार, दोघांचे वयाचे व पत्त्याचे पुरावे, फोटो, निकाहनाम्याची प्रत. ९० दिवसांच्या आत केली की उशिराचं शुल्क लागत नाही. नवरदेव पुढेमागे आखातात गेला, तर फॅमिली व्हिसाला तोच दाखला लागेल, मंत्रालयाच्या शिक्क्यांसकट. अल्लाह न करो, उद्या काही बरंवाईट झालं, तर वारसाहक्काला, पोटगीला, मुलांच्या शाळेला तोच कागद तिच्या हातात असेल. माझ्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी बायकांकडे निकाहनामा नव्हता. तो सासरच्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली सासऱ्याकडे. मेहरची रक्कम निकाहनाम्यात आकड्यात आणि अक्षरात लिहून घे, आणि एक प्रत बहिणीच्या हातात दे. तुझ्या नव्हे, आईच्या नव्हे, तिच्या.

मुलाकडच्यांना 'कायदा आहे म्हणून' सांगितलंस तर ते नाक मुरडतील. 'बकराच्या आयतीप्रमाणे लिहून ठेवतोय' असं सांग. दोन्ही खरंच आहे.

राहिले ते भाई. तुला अवघड वाटतंय ते इथे, हे मला पत्रातूनच कळलं. त्यांनी नोकरी लावली, परक्या मुलखात पाठीशी उभे राहिले. त्या उपकाराचं ओझं खरं आहे आणि ते फेडायलाही हवं. पण ते फेडायची जागा तुझी साक्ष नाही. त्यांच्याशी वाद घालायला बसू नकोस, आयती मोजून दाखवू नकोस. एवढंच म्हण: 'भाई, मी विमानातून उतरून काही नाही म्हणून खोटं सांगू शकत नाही. बाकी काही काम सांगा, जीव लावून करेन.' तिकिटाचे पैसे त्यांनी आधीच दिले असतील, तर कडी हातात घालण्याआधी ते परत कर. घरी आईला पैशांचा एक हप्ता उशिरा गेला तरी चालेल. ते रागावतील. काही दिवस रूममध्ये बोलणार नाहीत. नोकरीवर काही आणलं, तर मला लगेच लिही, कतारच्या कामगार कायद्यात तुझ्या बाजूचं बरंच काही आहे.

बहिणीला सोनं द्यायचं तुझ्या मनात असणारच. वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅमपर्यंत दागिने ड्युटीविना आणता येतात. बाईला ४० ग्रॅम. बिस्किट नको, दागिनाच घे, दुकानाचं बिल वरच्या खिशात ठेव, आणि निघायच्या आठवड्यात कस्टमच्या वेबसाइटवर नियम पुन्हा एकदा बघ, ते बदलत असतात. त्याहून जास्त आणलंस तर रेड चॅनलला जा, ड्युटी भर, पावती घे. पावती दागिन्याच्या डबीतच ठेव. बहीण कधीतरी उघडून बघेल.

निकाहची तारीख कळव. नोंदणीच्या फॉर्ममध्ये काझीसाहेबांच्या सहीची जागा असते, ती लग्नाच्या दिवशीच घेऊन टाक, नंतर ते सापडत नाहीत.